कंबर माही, सही त्याची

नागपूर, ता. ६ फेब्रुवारी १९७९

रुपरावच्या बाबास,
भागीरथाचा दवाखान्यातल्या खाटेवर पडल्यापडल्याच नमस्कार.

मी बरी आहो. शेजारच्या खाटेवरची मास्तरीणबाई हे लिहून राहिली. माह्या शिव्या ती गाळते.

तुमच्या लेकानं काय केलं, ऐका. कमरेतली गादी सरकली, तर डॉक्टर म्हणे, मणके जोडून टाकू. दुखणं जाईल, पण कंबर पहिल्यासारखी वाकणार नाही. रुपराव म्हणते, "जोडा जी, आईले आता कुठं वाकायचं आहे?" अन् मले न विचारता सही ठोकून आला!

मी डॉक्टरले म्हटलं, "मागाच्या खड्ड्यात विणायले हा बसणार काय? कंबर माही, सही याची काहून?" डॉक्टरनं रुपरावच्या सहीचा कागद बाजूले ठेवला. मग म्हणे, नुसता सरकलेला तुकडा काढतो, मणके मोकळे ठेवतो. पण दुखणं परत येऊ शकते. म्हटलं, येऊ द्या. या नव्या कागदावर अंगठा मी दिला.

परवा आपरेशन आहे. वेळेवर जेवता ना?

मागावर लुगडं अर्धं राहिलं. सूनबाईले हात लावू देऊ नका. मी नाहीच आली, तर तुम्हीच पुरं करा. काठ मात्र सरळ ठेवा, नाहीतर लोक मलेच नावं ठेवतील.

तुमची,
भागीरथा