आन्याचे नाव यादीतून काढण्याबाबत

प्रति,
मा. पटनोंदणी व निधी अधिकारी,
विलो फोर्क सार्वजनिक चार्टर शाळा जिल्हा (एकूण शाळा दोन),
कॅरी, नॉर्थ कॅरोलिना.

विषय : कु. आन्या गजभिये, इयत्ता चौथी, हिचे नाव इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या यादीतून कमी करण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे दोन इंग्रजी अर्ज, व "घरच्या भाषेविषयीची तक्रार घरच्या भाषेतच करावी" असे कळवून ते परत करणारे आपले दि. ९ सप्टेंबरचे पत्र.

महोदया,

१. अर्जदार उपासना गजभिये ही मूळची नागपूरची, औषध कंपनीत नोकरीला, आन्याची आई. आपल्या आदेशाप्रमाणे हा तिसरा अर्ज ती मराठीत करत आहे. स्वतःच्या घरात मराठी चालत नाही, हे तिला मराठीतच पटवून द्यायचे आहे. मराठी जितकी चांगली उतरेल तितका अर्ज लंगडा पडेल, याची तिला कल्पना आहे. तरी मुद्दाम वाईट लिहिणे तिच्याच्याने होत नाही.

२. चूक अर्जदाराचीच आहे. चार वर्षांपूर्वी बालवर्गाच्या फॉर्मवर विचारले होते : मुलगी पहिल्यांदा कोणती भाषा बोलली, घरी कोणती बोलते, आपण तिच्याशी कोणती बोलता. खरे उत्तर इंग्रजी, इंग्रजी, आणि "निमूट जेव" एवढ्यापुरती मराठी. पण अर्जदाराच्या आई रत्नाबाई पन्नाशीत प्रौढांच्या वर्गात बसून मराठी लिहायला शिकल्या. त्या भाषेचे नाव परदेशातल्या सरकारी कागदावर लिहायची संधी अर्जदाराला सोडवेना. तिन्ही रकान्यांत तिने ठसठशीत "मराठी" लिहिले, आणि हौसेने फोटो काढून आईला पाठवला.

३. त्या उत्तरांवरून आन्याचे नाव यादीत गेले, आणि तेव्हापासून ती रोज गणिताच्या तासाला उठून शेजारच्या खोलीत जाते आणि चित्रातल्या सफरचंदाला इंग्रजीत सफरचंद म्हणते. यादीतून सुटण्यासाठी तोंडी परीक्षा असते. अनोळखी माणसासमोर आन्या तोंड उघडत नाही. शाळा याला भाषेची अडचण म्हणते, घरी याला लाजरेपणा म्हणतात. परीक्षेत ती चार वेळा नापास झाली आहे आणि गणितात मागे पडली आहे.

४. त्या खोलीच्या शिक्षिका प्रीता मॅडम पुण्याच्या. त्यांनी अर्जदाराला पार्किंगमध्ये गाठून स्पष्टच सांगितले, "अगं उपासना, लिस्टवर वीस मुलं आहेत. एकोणीस झाली की फंडिंग बंद आणि माझी पोस्ट कॅन्सल. तो ईशान दोन महिन्यांपूर्वी इंडियातून आलाय, त्याला अजून टॉयलेटला जाऊ का एवढंही विचारता येत नाही. त्याचं काय करू, यार?" मग मुलीलाच दुसऱ्या शाळेत घालावे, तर दोन्ही शाळांचा मिळून पट बरोबर तीनशे आहे. एक मूल कमी झाले तरी शाळा जिल्ह्याची मान्यता धोक्यात येते, असे आपल्याच कार्यालयाने फोनवर ऐकवले. म्हणजे यादीतून काढले तर ईशान बुडतो, शाळेतून काढले तर सगळेच बुडतात, आणि काही न करावे तर आन्या बुडते. अर्जदाराने हात टेकले आहेत.

५. आता मुख्य गाऱ्हाणे. दर सोमवारी त्या खोलीत, सुट्टीत घरी कोणती भाषा बोललात, याचा तक्ता भरतात. मराठी बंद झाली की आपली सुटका होईल, असे आन्याने स्वतःच ठरवले आहे. गाडीत अर्जदाराने नुसते "पट्टा लाव" म्हटले, तर ती घाबरून म्हणाली, "आई, डोन्ट! दे विल काउंट इट." रविवारी सकाळी रत्नाबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. आजीशी ती मोडक्यातोडक्या मराठीत तासभर बोलायची. आता कॉल वाजला की वर जाऊन दार लावून घेते. "पोरगी माझ्यावर रागावली का?" असे रत्नाबाई विचारतात. अर्जदाराने तीन रविवार "होमवर्क आहे" असे खोटे सांगितले. फोन ठेवल्यावर तिला रडू आवरत नाही.

६. सबब, आन्याचे नाव कमी करावे ही विनंती. ते होणार नाही हे अर्जदार ओळखून आहे, आणि ईशान आठवला की आग्रहही धरवत नाही. निदान एवढे तरी करावे : रविवारी आजीशी बोललेली मराठी तक्त्यात धरली जाणार नाही, असे एका ओळीचे पत्र सहीशिक्क्यानिशी द्यावे. ते इंग्रजीत द्यावे. आन्याला ते स्वतः वाचता आले पाहिजे.

आपली नम्र व निरुपाय अर्जदार,
उपासना गजभिये
कॅरी, दि. २२ सप्टेंबर २०२५