तेराला तेरा जुळले

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५
कोल्ड रूमच्या सिस्टीमला आकडे पाठवायचा जेसॉन फॉर्मॅट आजपासून बंद! प्रत्येक आकड्याआधी त्याचं नाव लिहायचं म्हणे: तापमान १३, खोक्याचं वजन १३. दिवसातून हजार वेळा. घरच्याच माणसाची रोज ओळख करून देतं का कोणी? नव्या बायनरीत नुसते आकडे, ठरलेल्या क्रमाने. फाईल पाचपट लहान. असं करणारं मालक प्रेमराजभाऊंचं रावेरचं केळी पॅकहाऊस खानदेशात पहिलं, आणि मी टेक्निकल हेड. भाऊ म्हणाले, आधी बागायतदार निंबाआबांचा माल नीट आखातात जाऊ दे. आबांची पहिलीच एक्स्पोर्ट.

बुधवार, १९ फेब्रुवारी
रूपाली, माझी ज्युनिअर. नोकरी दोन वर्षांची, जीभ वीस वर्षांची. म्हणते, सर, चालत्या गाडीला खीळ कशाला? दोन्ही टोकांना क्रम एकच आहे ना, ते तरी बघा. बघितलं. पाठवले १३, १३. आले १३, १३. आता बोल! जेसॉन काढून टाक म्हटलं. हो म्हणाली.

शनिवार, २२ फेब्रुवारी
ऑर्डर बदलली. तेराऐवजी सात किलोची खोकी, उद्या सकाळपासून. एक आकडा बदलला, पाच सेकंदांत काम फत्ते. संध्याकाळी बायकोसोबत, दिपमालासोबत, धुळ्याला. मेहुणीची हळद.

रविवार, २३ फेब्रुवारी, स. ११
रूपालीचे तीन फोन. जेसॉनचं रडगाणं असणार. उचलायचा नाही. आज फक्त सासरवाडी.

दु. २.१०
अकरा फोन. सासरे म्हणाले, पाव्हना, उचला, काहीतरी अडचण शे. म्हटलं, नाना, ऑफिसातलं राजकारण. छातीत धडधडतंय. वरण-बट्टी जास्त झाली.

दु. ४.३०
भाऊंचा फोन. उचलावाच लागला. कोल्ड रूम १३ ऐवजी ७ अंशांवर, एवढ्या थंडीत केळी काळवंडते! सिस्टीमने खोक्याचं वजन तापमान म्हणून वाचलं. ऑपरेटर भाईदास हाताने १३ करायचा, सिस्टीम दहा मिनिटांत परत ७. शेवटी त्याने वायरच उपटली. रावेरचं नेटवर्क खराब आहे, हे मी पूर्वीच सांगितलं होतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी
रावेर. बठ्ठी, सगळीच्या सगळी केळी राखाडी पडलेली. कंटेनर रद्द. नेटवर्कचं बोलायला तोंड उघडलं, पण समोर निंबाआबा. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आख्ख्या जानेवारीच्या थंडीत बागेला चरका लागू दिला नाही रे मी, अन् तू बंद खोलीत लावलास. मान वर होईना. लाज वाटली, खरोखरची.

बाहेर येऊन रूपालीवर उखडलो, एक मेसेज तरी टाकायचास! ती म्हणाली, टाकलाय.

तिचं चॅट मीच म्यूट केलेलं. आत्ता वाचला. "सर, जेसॉन मी काढलं नव्हतं, परत लावायला तयार आहे. फक्त तुम्ही शुक्रवारी बदललेला सिस्टीमचा पासवर्ड सांगा. खोली अजून १२ वरच आहे."

रविवार, सकाळी १०.०५.