हिरवा ठिपका

थेरगाव, रविवार, संध्याकाळ

दाजींनी आज माझं नाणं पास केलं. लिहूनच ठेवतो, उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

ताईचे हे यजमान चाकणच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. ब्रिटिश पौंडाचं माझं चांदीचं प्रूफ, म्हणजे आरशासारखं लखलखीत, नाणं, संग्राहकांसाठी मुद्दाम दुप्पट जाडीचं पाडलेलं, त्यांना कधी पटलंच नाही. "दोन नाणी चिकटवून गंडवलंय तुला," हे दर दिवाळीला, सगळ्यांसमोर. मी हसायचो. पण घरी येऊन काठ बघायचो की नाही? बघायचो.

आज दोघं माझ्या घरी आले, तेव्हा म्हटलं, दाजी, तुम्हीच बघा. त्यांनी हात धुतले, हातमोजे चढवले आणि नाणं फक्त काठाला धरून भिंगाखाली फिरवत बसले. चहा निवला.

"माझ्याकडं कधी एवढं निरखून बघितलं नाही," ताई म्हणाली.

"तुला परत पाठवायची सोय नव्हती," दाजी म्हणाले. मग मला, "सांधा न्हाई. एकसंध हाय."

नाणं डबीत ठेवलं आणि कारखान्याच्या सवयीने झाकणावर हिरवा ठिपका चिकटवून टाकला. पास झालेल्या मालावर लावतात तो.

मूळ डबीला असलं काही चिकटवणं म्हणजे आम्हा संग्राहकांत महापाप. दुसऱ्या कुणाला मी फाडून खाल्लं असतं. ओल्या फडक्याने निघेलही तो ठिपका.

फडकं घेतलं होतं हातात. त्याने कपाटाची काच पुसली आणि डबी पुढच्या रांगेत लावली, ठिपका दिसेल अशी.