पंचावन्न किलोंचा गट

प्रिय हर्षल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. गोरक्षचा टेम्पो उद्या सुप्याला जातोय, त्याच्याकडे हे देतो. अक्षर वाईट आहे, चालवून घे. आठवी शिकलेल्या माणसानं एवढं लांब कधी लिहिलं नव्हतं. चार वर्षं झाली, तू माझ्याशी बोलत नाहीस आणि कबड्डीच्या मैदानातही उतरला नाहीस. पहिलं मी सोसतो, ती माझीच करणी आहे. दुसरं मात्र मला आतून खातं.

घरचं सगळं ठीक. गाईला कालवड झाली. तुझी आई चार दिवस तुझ्याकडे जाऊन येते म्हणाली आणि तुझ्या खोलीवरच राहिली, त्यालाही तीन वर्षं होत आली. मी तिला बोल लावत नाही. रोज संध्याकाळी फोन करून जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणून सांगतो. खरं तर दुधात शिळी भाकरी कुस्करून भागवतो. एकट्यासाठी रोज कोण पीठ मळत बसणार? दिवसभरात बोलायला म्हणून ती गाय. तिलाही आता माझा कंटाळा आला असेल.

तू माझे कप बघितलेस, खेळ बघितला नाहीस. मी चढाईला निघालो की समोरचे गडी आपणहून दोन पावलं मागं सरायचे. फुशारकी मारत नाही, कर्जतमध्ये कोणालाही विचार. सहा वर्षं पंचावन्न किलोंच्या गटात मी कोणाच्या हाती लागलो नाही. पण माझं खरं वजन होतं साठ. आदल्या दिवसापासून पाणी बंद करायचं, भर उन्हात लोकरीचा स्वेटर घालून पळायचं, थुंकून थुंकून तोंड कोरडं पाडायचं आणि काट्यावर उभं राहायचं. हलक्या गटात जड हाडाचा गडी घुसवला की जिंकतोच, हे सगळेच जाणून होते. त्याच जोरावर साखर कारखान्याच्या संघात गेलो, नोकरी लागली, लग्न झालं. पुढं गुडघा गेला, संघही मोडला, तसा गावात येऊन पोरांना शिकवायला लागलो. चढाई शिकवली, पकड शिकवली, तसं उपाशी राहणंही शिकवलं. पोरं जिंकत गेली आणि लोक मला सर म्हणायला लागले. एकदा सर झाल्यावर तुमचं चुकतंय म्हणून सांगायला कोण येतंय?

चार वर्षांपूर्वीच्या त्या स्पर्धेवेळी तू एकोणीसचा होतास. पासष्टच्या गटात पोटभर खाऊन आरामात खेळला असतास. मला मात्र पंचावन्नचाच कप पाहिजे होता, माझ्या कपांच्या शेजारी ठेवायला. त्या सकाळी तू नऊशे ग्रॅम जास्त भरलास. आईनं पदराआड भाकरी आणली होती, ती मी तुझ्या हातातून काढून घेतली आणि तुला पुन्हा पळायला लावलं. वजन बसलं. दोन सामने तू जिंकलेसही. अंतिम सामन्यात मध्यरेषेच्या पलीकडं तुझा दम तुटला आणि कोणी हात न लावता तू खाली पडलास. मी बाहेरून ऊठ, ऊठ म्हणून ओरडत होतो. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी राहिलं नव्हतं, किडनीवर ताण आलाय, वेळेत आणलं म्हणून वाचला. त्यावर मी विचारलं, "पुन्हा कधी खेळंल ह्यो?"

तू डोळे मिटून होतास. मला वाटलं झोपलायस. घाबरलो होतो म्हणून तोंडातून तसं गेलं, असं मी तुझ्या आईला बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. मला त्या वेळी खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतर गावानं माझ्याकडं पोरं पाठवायची बंद केली, ते बरंच झालं. आता स्पर्धेला बोलावतात ते फक्त वजनकाट्यावर बसायला. कानिफनाथला सगळ्या लबाड्या माहीत, त्याला कोण फसवणार, असा त्यांचा हिशेब. गेल्या महिन्यात एका जत्रेत एक पोरगं काट्यावर आलं. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, वजन बरोब्बर पंचावन्न. त्याला घेऊन आलेला वाल्मिक माझ्याच हाताखाली शिकलेला. काय रे, पोराला पाणी दिलंस का, म्हणून मी त्याला दरडावलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, हे तुमच्याकडूनच शिकलो की."

वजन नियमात होतं, पोराचं नाव मी वहीत लिहिलं. मग उठून त्याला लिंबूसरबत पाजलं. दुसरं काय करणार होतो? आज तुझी माफी मागायची तर कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. तुझ्यासारखी किती पोरं मी अशी वाळवली, त्याची मोजदाद नाही. चुकलो रे बाबा. हे तोंडावर सांगायला मी कधी येऊ शकलो नाही, तेही चुकलंच.

आता मुद्द्याचं. कर्जतला अठ्ठावीस तारखेला स्पर्धा आहे, तिथंही काट्याचं काम माझ्याकडंच होतं. परवा संघांच्या याद्या आल्या. सुप्याच्या कंपनीच्या यादीत सातवं नाव, हर्षल कानिफनाथ, गट पासष्ट. मी चष्मा पुसून परत वाचलं. संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला, ती अडखळत म्हणाली, काट्यावर तुम्ही असाल तर पोरगा नाव काढून घेतोय. तिच्यावर चिडू नकोस, तिला पोटात ठेवता येत नाही. मी आज सकाळी जाऊन वही आणि काटा दोन्ही स्पर्धा भरवणाऱ्या बजरंगच्या ताब्यात देऊन आलो. त्या दिवशी मी काट्यावर नसेन, मैदानावर नसेन, कर्जतमध्येच पाऊल टाकणार नाही. तुला एकदा खेळताना बघायचं मनात लई आहे, खोटं कशाला बोलू? पण तू नाव काढू नकोस, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. तू बिनघोर ये. मी घरीच थांबतो.

रागावलास तरी तुझाच,
अण्णा