दुपारपर्यंतचं सांगते

आये,

ऑफिसनं माझ्याकडून दोन पानं लिहून मागितली आहेत. नव्यानं सुपरवायझर झालेल्यांना वाचायला द्यायची आहेत. काम कधी असेल, कधी नसेल अशा दिवसांत माणसं कशी सांभाळायची, हे मी अनुभवावरून लिहावं असं साहेबांचं म्हणणं आहे. आज रविवार. सकाळपासून तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा खोडली, कारण प्रत्येक वाक्य कुठल्या तरी ट्रेनिंगमध्ये ऐकल्यासारखं वाटत होतं. खरं म्हणजे मी जे केलं ते तुझं बघून केलं, आणि त्या दोन पानांत तुला कुठं बसवायचं ते मला कळेना. म्हणून आधी तुलाच लिहिते. तुला वाचता येत नव्हतं. शाळेतून आल्यावर मी धडा मोठ्यानं वाचायचे आणि तू भाकऱ्या थापता थापता ऐकायचीस. आजही तसंच समज.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. पुढं डिप्लोमा केला आणि आता मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. गाडीच्या दिव्यांना, हॉर्नला ज्या वायरी जातात त्यांचे जुडगे आम्ही बांधतो. मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांवरून एकेक वायर फिरवायची, टोकाला क्लिप दाबायची, टेप गुंडाळायची. बेचाळीस बायका या कामावर आहेत आणि त्यांच्यावर मी. त्यांतल्या निम्म्या माझ्यापेक्षा मोठ्या. त्या मला मॅडम म्हणतात, आणि इतकी वर्षं झाली तरी दर वेळी मला मागे वळून बघावंसं वाटतं की कोणाला हाक मारली.

डोळखांबकडच्या आपल्या पाड्यावर भाताची रोपं लावायची आवणी सावडीनं व्हायची. सगळ्या घरच्या बायका मिळून आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, आणि कोणाचं शेत कधी हे ठरवायची तू. तुला कोणी नेमलं नव्हतं. सकाळी सगळ्या जणी आपल्या अंगणात जमायच्या, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, कमरेला पदर खोचलेला, आणि तू बांधापर्यंत जाऊन, वरच्या शेतांत पाणी किती उभं आहे ते बघून परत यायचीस. मी दारात पुस्तक घेऊन बसलेली आहे आणि तू बोलते आहेस, हे मला आत्ताही दिसतं.

“ऐका गो. आज खालची दोन खाचरं. दुपारपर्यंतचं सांगते. पुढचं मला बी ठावं नाय.”

“मग तू कशाची म्होरकी गो?” शेजारची काकू म्हणते. “तुला आमच्याएवढंच ठावं!”

“तुमच्याएवढंच ठावं. पण मी तसं बोलून दाखवते.”

सगळ्या हसतात आणि खाचराकडे निघतात. तेव्हा मला तुझी थोडी लाज वाटायची. शाळेत गुरुजींना सगळं येत असे, आणि माझी आई चारचौघींत खुशाल सांगायची की मला माहीत नाही. आता वाटतं, त्या बायका तुझ्यामागून निघायच्या त्या त्याच एका वाक्यामुळं. दुपारपर्यंतचं तू जे सांगशील ते पक्कं असणार, हे त्यांना कळलेलं होतं.

आणखी एक मी बघायचे. ओळीत उभं राहिल्यावर तू कधी सगळ्यांत पुढं नसायचीस. एका वर्षी कल्याणहून लग्न होऊन आलेली एक सून होती. चिखलात पाय घातला की तिचा चेहरा रडवेला व्हायचा. एक रोप लावायची, सरळ आहे का बघायची, मग दुसरं. बायका म्हणायच्या, “ही रोप लावते का रोपाला टिकली लावते गो?” तू तिच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस आणि न बोलता तिच्या दोन ओळी स्वतःच्या ओळींत घेतल्यास. आवणी संपेपर्यंत तुझी जागा तिच्या शेजारीच होती. मी तुला विचारलं होतं, तुझा हात एवढा चालतो, तर तू पुढं का राहत नाहीस? तू म्हणालीस, “पुढची आपली पुढं जातेच. तिला माझी काय गरज?”

पण मला तुझ्या चुकीबद्दल लिहायचं आहे. मी पाचवीत होते. पाड्याच्या वरच्या अंगाला एका विधवा काकूचं शेत होतं, उतारावरचं, पाणी न ठरणारं. संध्याकाळी पाऊस चांगला लागलेला होता आणि तू तिला बोलून बसलीस, “उद्या तुझ्याकडं येतो. राब खणून ठेव.” तिनं आणि तिच्या मुलीनं राबातली सगळी रोपं उपटली, मुठी बांधल्या, बांधाला रचून ठेवल्या. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दुपारी वरच्या शेतातला चिखल घट्ट झाला. त्या दिवशी पाऊस आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठ दिवस नाही. उपटलेली रोपं किती दिवस थांबणार? ती काकू ओढ्यातून हंड्यानं पाणी आणून मुठींवर शिंपडत होती आणि मुठी पिवळ्या पडत होत्या. ती कोणाला काही बोलली नाही. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

पाऊस पुन्हा आला त्या सकाळी तू अंगणात सगळ्यांसमोर म्हणालीस, “माझी चूक झाली. पाणी ठरायच्या आधी मी तिला राब खणाय लावला. आज आपल्या घरचा राब खणायचा नि तिच्या शेतात लावायचा.” आपल्या वरच्या तुकड्यासाठी ठेवलेली रोपं होती ती. मी घरात येऊन तुझ्याशी भांडले. म्हटलं, पाऊस गेला त्यात तुझी काय चूक? तू चुलीपुढं बसली होतीस. फुंकणी खाली ठेवून माझ्याकडं बघितलंस.

“पाऊस गेला ती पावसाची चूक. राब खण असं मी बोलले, ती माझी. शाळेत जातेस ना? दोन चुका येगळ्या करता येत नाय तुला?”

त्या वर्षी आपल्या वरच्या तुकड्यात नाचणी झाली आणि होळीच्या पुढं भात पुरलं नाही. मी तुझ्यावर बरेच दिवस रुसलेली होते. तू एकदाही माझी समजूत काढली नाहीस.

गेल्या वर्षी माझ्याकडून तशीच चूक झाली. गाड्यांचं उत्पादन कमी होणार, आपल्या ऑर्डरी तुटणार अशी कुजबुज कारखान्यात सुरू झाली होती. सोमवारी चहाच्या सुट्टीत बायकांनी मला घेरलं. मला घाबरलेले चेहरे बघवत नाहीत. ते हसावेत म्हणून मी काहीही बोलून जाते. मी म्हटलं, “कोणालाही काढणार नाहीत. मी आहे ना.” बुधवारी साहेबांनी बोलावून सांगितलं की दोन महिने काम निम्म्यावर येणार, अठरा जणी कमी करायच्या, शुक्रवारपर्यंत नावं द्या.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनाही वरून सांगितलेलं होतं. गुरुवारी बायकांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “बघू.” आमच्यात किन्हवलीकडची एक बाई आहे, चाळिशीची, घरी भातशेती, जिभेला हाड नाही. टेपचं रीळ हातात तसंच धरून ती सगळ्यांसमोर म्हणाली, “मॅडम, सोमवारी बोललात कोणाला काढणार नाय. आज बोलता बघू. उद्या काय बोलणार ते आजच सांगून टाका, म्हंजी उद्या पहाटे उठाय नको.”

बायका हसल्या, पण डोळे माझ्यावर होते. मी ऑफिसात गेले. दार लावून बसले. शुक्रवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना फळ्यांपाशी बोलावलं. म्हटलं, “कोणाला काढणार नाहीत असं मी बोलले, ते माझ्या हातातलं नव्हतं. काम कमी झालं त्यात माझी चूक नाही. पण तुम्हाला शब्द दिला, ती माझी चूक. अठरा नावं मागितली आहेत. आज संध्याकाळपर्यंतचं मला ठाऊक आहे, तेवढंच सांगते. नाव अजून कोणाचंही गेलेलं नाही, संध्याकाळपर्यंत जाणार नाही. पुढचं मलाही माहीत नाही.”

मग तीच बाई म्हणाली, “यात काय एवढं? पाळी लावा की. आवणीत शेत थोडं नि बायका जास्त झाल्या, तर निम्म्या जणींना काय हाकलून देता? तीन दिस आमी, तीन दिस या. सगळ्यांचंच अर्धं होईल. अर्धं झालं तर घरी भागवता येतं, नायच झालं तर काय करायचं?”

कोणी म्हणालं, आमचं अर्ध्यात भागणार नाही. दोघी तिघी रागावल्या. तासभर बोलणं चाललं आणि मी मध्ये पडले नाही. शेवटी बेचाळीस जणींनी हो म्हटलं आणि मी तो कागद घेऊन साहेबांकडं गेले. ते म्हणाले, “मॅडम, भावनेच्या भरात जाऊ नका. एका फळीवर दोघींचे हात आले की चुका वाढतात. महिनाभर बघतो. माल परत यायला लागला तर अठरा नावं त्याच दिवशी माझ्या टेबलावर.”

पहिल्या आठवड्यात माल परत आला. नेहमीपेक्षा जास्त. साहेबांनी नावांसाठी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मी आणखी एक आठवडा मागून घेतला. मी परत आलेला एकेक जुडगा सोडून बघितला. बहुतेक ठिकाणी टोकाची क्लिप दाबायची राहिलेली होती. बदलीच्या दिवशी जाणारीला वाटायचं येणारी दाबेल, येणारीला वाटायचं दाबलेली आहे. मग आम्ही ठरवलं, बदलीच्या दिवशी दोघींनी दहा मिनिटं एकत्र उभं राहायचं, प्रत्येक क्लिप दोघींनी ओढून बघायची, आणि अर्धवट राहिलेल्या वायरीला लाल टेपचा तुकडा लावायचा. त्यात लिहिता वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांत हळू हात असलेल्या बाईच्या फळीशेजारी मी माझं टेबल हलवलं. ती आधी बिचकली. “माझ्यावर नजर ठेवाय बसलात काय?” म्हणाली. मी तिच्या चार वायरी रोज माझ्या हातानं फिरवायला लागले, तेव्हा तिसऱ्या दिवशी तिनं डब्यातली करंदीची चटणी माझ्यापुढं केली.

दुसऱ्या आठवड्यापासून परत येणारा माल घटला, आणि महिना भरला त्या दिवशी तर एकही जुडगा परत आला नाही. दोन महिन्यांनी ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. एकीनं मध्येच आटगावच्या गोदामात काम धरलं होतं, ती पेढे देऊन गेली, तिच्या जागी नंतर नवी आली. बाकी एक्केचाळीस जणी पूर्ण कामावर आल्या. त्या सकाळी सगळ्या फळ्यांवर एकाच वेळी हात चालायला लागले आणि मी ऑफिसच्या काचेतून बघत राहिले. छाती भरून येते म्हणतात ते मला पहिल्यांदा कळलं. माझा अभिमान होता, त्यांचा होता, पण सगळ्यांत जास्त तुझा. त्या काचेपाशी तू माझ्या शेजारी असायला हवी होतीस. “हात बघ कसे चालतात,” एवढंच तू बोलली असतीस आणि मला पुरलं असतं. तू पाड्याबाहेर फारशी गेली नाहीस, पगारी नोकरी तू कधी बघितली नाहीस, आणि एमआयडीसीतल्या एक्केचाळीस घरांच्या चुली तुझ्या बोलण्यावर चालू राहिल्या. हे मी त्या दोन पानांत लिहिणार आहे. आईकडून शिकले, ती आवणीची म्होरकी होती, असं सरळ लिहिणार आहे. पाळीची कल्पना कोणाची होती तेही लिहीन.

एक मात्र लिहिणार नाही. गुरुवारी ती बाई मला सगळ्यांसमोर बोलली, त्यानंतर ऑफिसचं दार लावून मी अठरा नावांची यादी केली होती. पहिलं नाव तिचं लिहिलं. समोर शेरा लिहिला, कामात ढिलाई. नंतर रजिस्टर काढून बघितलं तर वर्षभरात सगळ्यांत कमी चुका तिच्याच फळीवर होत्या. शुक्रवारी सकाळी, कोणाचं नाव अजून गेलेलं नाही, असं मी त्यांना सांगितलं ते खरंच होतं. गेलेलं नव्हतं. माझ्या खणात होतं. ती मला पाळी लावा म्हणून सुचवत होती तेव्हाही ते तिथंच होतं.

यादी मी फाडून टाकली. तिच्याशी रोज बोलते, आता तर ती मला बाय म्हणते, मॅडम म्हणत नाही. तू असतीस तर दुसऱ्याच सकाळी अंगणात सगळ्यांसमोर बोलून मोकळी झाली असतीस. मी तुला सांगितलं, तेही तू गेल्यावर इतक्या वर्षांनी, कागदावर. उद्या सकाळी सात वाजता ती माझ्यासमोर उभी असेल. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.