कापून टाकलेला आवाज

धुळे, रविवार

प्रिय भूपेंद्र,

सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन. डब्लिनच्या त्या परिषदेनं तुला या वर्षीचा सर्वोत्तम निवेदक ठरवलं, ही बातमी मला तुझ्या फोनच्या आधी आमच्या शाळेतल्या तोताराम शिपायानं सांगितली. त्याच्या पुतण्यानं मोबाइलवर दाखवली म्हणे. मुख्याध्यापकांनी पेढे मागवले आणि वाटायला मलाच लावले. म्हणजे मानही माझा आणि दगदगही माझीच. मी खरंच खूश आहे रे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की हिला माझं चांगलं झालेलं बघवत नाही.

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. समारंभाला मी येणार का, ही एक. आणि त्या व्यासपीठावरून तू पहिल्यांदाच आपल्या खानदेशी बोलीत बोलणार आहेस, तर आईंपाशी बसून त्यांचे जुने शब्द आणि म्हणी गोळा करून पाठवशील का, ही दुसरी. मी नुसतं "कळवते" म्हणून फोन ठेवला. तू चिडलास, ते इथपर्यंत कळलं. पण हल्ली तू घरचे फोनसुद्धा कार्यक्रमासाठी रेकॉर्ड करतोस, आणि मला जे सांगायचंय ते कुठेही रेकॉर्ड व्हायला नको आहे. म्हणून हा कागद. जळगावच्या घरात बसून तो लिहिता येईना, म्हणून धुळ्याला दादाकडे आले. दादा-वहिनी देवपुरात लग्नाला गेलेत. घरात पंखा आहे आणि मी आहे.

सुरुवात आठवते का तुला? पहूरच्या केळीच्या बागेत, जिथे मोबाइलला जरा रेंज आली तरी आबा हात जोडायचे, तिथे बांधावर बसून तू ब्लॉग लिहायला लागलास. जुन्या फोनवर आणि रडतखडत चालणाऱ्या नेटवर नीट चालेल असं सॉफ्टवेअर कसं लिहावं, हा तुझा विषय. इथे कुत्र्यानंही विचारलं नाही. आबा म्हणायचे, पिकतं तिथं विकत नाही. आणि झालं तसंच. केनियातले नि ब्राझीलमधले लोक तुला लिहायला लागले. मग परिषदांची बोलावणी आली, आणि मग तो पॉडकास्ट. मोठमोठ्या माणसांना भाषण संपल्यावर बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठायचं आणि त्यांच्याशी मोकळ्या गप्पा मारायच्या, ही तुझी युक्ती. त्या गप्पांना जोडायचं निवेदन मात्र तू घरी येऊन करायचास, जळगावला मेहरूणच्या घरातल्या वरच्या खोलीत.

ती खोली! आबांनी शेतातला कापूस पाठवला, आपण त्याच्या गाद्या शिवून चारही भिंतींना लावल्या, आणि दारावर तो लाल दिवा बसवला. दिवा लागला की घरानं श्वास रोखायचा. मिक्सर नाही, कुकर नाही, बादली आपटायची नाही. शेजारच्या तारादेवी काकी सांगायला यायच्या ते खुणेनं सांगायच्या आणि हसू दाबत परत जायच्या. आई म्हणायच्या, देवापेक्षा याचंच सोवळं कडक. मी वैतागायचे, पण मलाही सवय लागली. शाळेत कुठे तांबडा दिवा दिसला तरी मी आवाज खाली आणायचे.

आणि रेकॉर्डिंग झालं की तुझं कापणं सुरू व्हायचं. हेडफोन लावून तू स्वतःला तासत बसायचास. अडखळणं काढ, घसा खाकरणं काढ, नाकातून सुरू होऊन सगळं अंग हलवणारं ते तुझं हसू काढ. आईंचं माहेर शिरपूरकडचं, म्हणून पहूरला नांदूनही त्यांचं 'आहे'ला 'शे' म्हणणं सुटलं नाही आणि ते तुझ्या जिभेवर बसलं. बोलण्याच्या भरात ते इंग्रजीतसुद्धा घुसायचं, तेही काढ. मध्येच दार किलकिलं करून आम्हाला मारलेल्या हाका काढ. मी एकदा विचारलं होतं, एवढं सगळं कापतोस ते जातं कुठे? तू म्हणालास, कुठेच जात नाही, डिलीट होतं. मी विज्ञान शिकवते. कुठेच जात नाही असं या जगात काही नसतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण लाल दिवा लागलेला होता.

तू डब्लिनला राहायला गेलास, त्यानंतरची गोष्ट. दुपारी मी शेवभाजीचं वाटण लावलं होतं. आई माळ ओढत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मिक्सर बंद कर ना व, लाल दिवा लागेल शे." मी बंद केला. जिन्याकडे मान वळवून पाहिलं, दिवा लागलेला होता. मी वाटण तसंच झाकून ठेवलं, नळ बारीक केला. तू आयर्लंडमध्ये आहेस, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ गेला. आईंकडे पाहिलं तर त्यांची माळ हातातच थांबलेली. दोघींपैकी एकीनंही वर जाऊन पाहिलं नाही. सांगते तुला, भीतीनं नाही. दिवा लागला की वर जायचं नसतं, म्हणून. तू आम्हाला असं शिकवून ठेवलं होतंस. दिवा गेला तेव्हा आम्ही दोघींनी श्वास सोडला आणि मी उरलेलं वाटण वाटलं.

मग तो रोजच लागायला लागला. मी वायरमन बोलावला. त्यानं सगळं उघडून पाहिलं आणि काही बिघाड नाही म्हणाला. एक दिवस आईंनी न बोलता दाराशी चहा ठेवला आणि रिकामा कप परत आणला. कप विसळताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे दाराआडून खाकरणं ऐकू यायला लागलं, मग हसणं. गच्चीवर कपडे वाळत घालताना तारादेवी काकी म्हणाल्या, बरं झालं बाई भूपेंद्र परत आला, घर कसं भरलेलं वाटतं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही.

आणि मग तो खाली आला. भर दुपारी, उन्हात, जिना उतरून. तुझाच चेहरा, तुझीच डावा खांदा पाडून चालण्याची ढब. पाटावर बसला आणि म्हणाला, "भाकर शे का?" आईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. त्या वाढत होत्या आणि रडत होत्या, आणि तो जेवत होता. त्याच्या अंगाला नव्या गादीचा, कापसाचा वास येतो. हात लागला तर गरमही लागत नाही, गारही लागत नाही. मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती एवढीच, की हा उठून जाईल.

तो कोण आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. डब्लिन म्हटलं तर तो कोरा बघतो. आणि त्याला कुठलीच गोष्ट पूर्ण सांगता येत नाही. "त्या दिवशी ना, मी आणि लोटन..." एवढं म्हणतो, घसा खाकरतो, पुन्हा तेवढंच म्हणतो. पुढचं त्याच्यापाशी नाहीच. पुढचं तू प्रसिद्ध केलंस. जे तुला जगाला ऐकवायचं नव्हतं तेवढंच त्याच्याकडे आहे, आणि खरं सांगू का, आमच्याही वाट्याला तुझं तेवढंच यायचं. उरलेलं कधी आमचं नव्हतंच.

दिवाळीला तू आलास. सगळ्यांसाठी काय काय आणलंस, आईंना कोट आणलास, जळगावच्या थंडीला तो कोट! मी हसले, तूही हसलास, पण शिस्तीत हसलास. ते सगळे दिवस वरची खोली गप्प होती. आई चहा ठेवत होत्या आणि तो साय धरून तसाच परत येत होता. तू मला विचारलंस, आई मधूनच का रडते? मी म्हटलं, तू जाणार म्हणून. खोटं बोलले. तू घरात होतास, माझ्या शेजारी झोपत होतास, आणि मला तुझी आठवण येत होती. तुझी टॅक्सी वळणावर गेली तेव्हा मी रडायच्या ऐवजी जिन्याकडे पाहिलं. तो तिथे उभा होता.

इथवर सगळं असंच चाललं असतं तर मी तुला काहीच कळवलं नसतं. पण मग त्या परदेशी मासिकात तुझ्यावर तो लेख आला. या माणसाचा अस्सल आवाज ऐकायला मिळावा, असं काहीसं त्यांनी लिहिलं होतं. तू ते मनावर घेतलंस आणि पुढच्या भागात पहिल्यांदा तुझं हसू कापलं नाहीस. मी तो भाग मेहरूणच्या तलावाकाठी बाकावर बसून ऐकला. इतकं बरं वाटलं मला! म्हटलं, शेवटी याला स्वतःची लाज वाटायची थांबली. घरी आले. आईंनी आखाजीच्या सणासाठी खापर काढलं होतं, मांडे करताना पहिलाच मांडा फाटला, आणि तो हसला. खांदे हलत होते, तोंड उघडं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. आवाज मात्र नव्हता. आई म्हणाल्या, घसा बसला असेल. मी काढा दिला. तो निमूटपणे प्यायला.

त्यानंतर तू एकेक ठेवत गेलास आणि प्रत्येक भाग जगभर गाजत गेला. अडखळणं ठेवलंस, आणि इथे त्याचं अर्धं वाक्यही गेलं. 'शे' म्हणजे काय ते तू टोरंटोच्या भागात लोकांना किती गोड समजावून सांगितलंस. त्या दिवशी त्यानं भाकरी मागितली नाही, नुसता पाटावर येऊन बसला. आणि मागच्या महिन्यात तू सभागृहाला सांगितलंस, की माझी बायको धुळ्याची, मी तिला लाडानं 'धुळेकरीण' म्हणतो. टाळ्या पडल्या. मलाही आधी लाजच वाटली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा तो जिन्यात उभा होता. त्याला मला त्याच नावानं हाक मारायची होती. ओठ हलले, पुन्हा हलले, आणि मग त्यानं हात पुढे करून माझ्या पदराचं टोक धरलं, न बोलता येणारं मूल धरतं तसं. मी ते सोडवून शाळेत गेले आणि दिवसभर मुलांना काय शिकवलं ते मला ठाऊक नाही.

आता त्याच्यापाशी एकच शब्द उरला आहे. दिवेलागणीला तो जिन्याच्या तोंडाशी येतो आणि म्हणतो, "माय." बस, तेवढंच. तू त्यांना कधीच 'आई' म्हणायला लागलास, पण पहूरचं पोर अजून तसंच म्हणतं. गुडघे धरलेले असले तरी आई उठतात, भिंत धरत जिन्याशी जातात आणि इथेच असल्याचं सांगतात, "काय रे भाऊ, आठेच शे मी." आणि मग तो शांत होतो. त्यांचा दिवस त्या हाकेवर चालतो, भूपेंद्र. दुपारपासून त्या त्याची वाट बघायला लागतात. तू तुझ्या भाषणाची सुरुवात मला फोनवर वाचून दाखवलीस, ती 'माय' या शब्दानं होते. फार सुंदर आहे ती. तुझा आवाज कापरा झाला होता, आणि त्या सभागृहात लोक उठून उभे राहतील, याची मला खात्री आहे. म्हणून हे पत्र. मी समारंभाला येणार नाही, घरी दोघं आहेत, त्यांना सोडून येता येणार नाही. म्हणी आणि शब्दही पाठवणार नाही. तुझं हसू तू नेलंस, ते तुझंच होतं. माझं नाव नेलंस, त्यावरूनही मी भांडणार नाही. पण तिथे उभा राहशील तेव्हा 'मदर' म्हण, तिथे सगळ्यांना कळतं. तो एक शब्द आईंना राहू दे.

तुझीच,
हेमांगी