नववी खेळाडू – मी!

१४ सप्टेंबर, शनिवार

घेतलं! मला टीममध्ये घेतलं!! बेचाळिसाव्या वर्षी!

कमोगी म्हणतात या खेळाला. आयरिश बायकांचा. चपट्या लाकडी काठीने छोटा कडक चेंडू मारायचा आणि जिवावर उदार होऊन पळायचं. आमच्या बँकेतली तहसीन घेऊन गेली. "विद्युल्लता, आम्ही आठच आहोत. नऊ नसल्या तर न खेळताच हरतो. तू नुसती गोलात उभी राहा." नुसती उभी! पहिलाच चेंडू पोटात बसला. कॅप्टन ऑर्ला इथेच अबुधाबीत नर्स आहे, धावत आली. मला वाटलं तपासेल. तिने पाठीत थाप मारली – "ब्रिलियंट सेव्ह!"

माझ्यावाचून कोणाचं तरी अडतंय. घरात अडतं ते वेगळं. ते डब्यासाठी अडतं.

१५ सप्टेंबर

यतीन हसून हसून सोफ्यावरून पडायचा बाकी होता. "तू? हेल्मेट घालून?" हो, मी. हेल्मेट घालून. नवरा असला म्हणून काय झालं, इतकं हसायचं?

इशिता – "आई, प्लीज डोन्ट पोस्ट एनीथिंग." लेक सोळाची झाली, आईची लाज वाटणं हा तिचा फुलटाइम जॉब आहे.

सासऱ्यांनी काठी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "टोकाची पत्र्याची पट्टी कच्ची मारलीय." बस्स. बापूंचं मुसफ्फा इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉप आहे, त्यांना माणसाआधी पत्रा दिसतो.

२८ सप्टेंबर

हरलो. सपाटून! दुबईवाल्यांनी धुतलं. तरी परत येताना गाडीत गाणी म्हणत होतो, जिंकल्यासारखी.

५ ऑक्टोबर

जिंकलो!!

पार्किंगमधल्या प्रॅक्टिसचा उपयोग झाला. रोज संध्याकाळी इशिता चेंडू मारते, मी अडवते. "टेन मिनिट्स ओन्ली, आई," म्हणून येते, पण मारते दातओठ खाऊन. फोन काढून घेतला होता ना मी, तो राग सगळा वसूल! मध्येच म्हणते, "माय टर्न," आणि हेल्मेट ओढून घेते. तेवढंच मला दम खायला मिळतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

टीमच्या सगळ्या काठ्या बापूंकडे दिल्या. पट्ट्या सैल झाल्यात. बापू खूश! "उद्या दुपारी घेऊन जा." उद्या संध्याकाळी मॅच.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

अगं बाई गं!! खंडेनवमी! कॅलेंडर बघायला काय धाड भरली होती मला?

वर्कशॉपला गेले तर ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट – सगळी मंडळी हळदकुंकू लावून बसलेली. आणि मधोमध आमच्या काठ्या! झेंडूच्या माळा घालून! मी हात पुढे केला तर बापू खेकसले, "हात लावू नकोस! पूजेला मांडलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नाही."

"बापू, संध्याकाळी मॅच आहे हो! आणि हत्यार कसलं, खेळणं आहे ते."

"खेळणं? मग रोज लढाईवर निघाल्यासारखी का निघतेस?"

मी तशीच बाहेर आले.

ऑर्लाला फोन लावला. काठ्या देवापुढे, उद्यापर्यंत हलवायच्या नाहीत, चूक माझीच – रडतरडत सांगितलं. तर ही बया खो खो हसायला लागली! म्हणे, माझ्या आजीनेही हात लावू दिला नसता. मग समोरच्या टीमला तिनेच गळ घातली. मॅच उद्यावर!

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी अख्खी टीम वर्कशॉपात! बापूंनी एकेकीला कुंकू लावून हातात काठी दिली, वर पेढा. तहसीन म्हणाली, "बापू, कुंकू नको, पेढे दोन द्या." दिले!

आणि जिंकलो!! बापू बाहेरून ओरडत होते, "हाण! हाण!" गोलात उभी असलेली मी काय हाणणार, कपाळ! फायनलला पोचलो. इन्शाल्ला कप आपलाच.

३० ऑक्टोबर

मनगट गेलं. मॅचमध्ये नाही – चकल्या करताना!

पीठ घट्ट झालं होतं, सोऱ्या फिरेना. मी गेले ताकद दाखवायला. अख्खा सीझन काठ्या खाल्ल्या, साधं खरचटलं नाही, आणि सोऱ्याने घात केला! डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे हात बांधून. फायनल त्याच्या आधी. खूप रडले. ऑर्ला येऊन बसली, रागावली नाही, मोडक्या चकल्या खात राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर

अजून आठच. तहसीनने सगळ्या ओळखी पालथ्या घातल्या, यतीनने ऑफिसातल्या बायकांना विचारलं. (आता हसत नाही तो.) उद्या मैदानावर जायचं, हात मिळवायचे, कप त्यांना द्यायचा, खलास. माझ्या चकल्यांपायी.

जेवताना इशिता म्हणाली, "आई, व्हेअर इज युअर हेल्मेट?" म्हटलं, चपलांच्या रॅकवर. कशाला हवंय, हे विचारायचं त्राण नव्हतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो!!! गोलात इशिता होती. काल स्वतःच ऑर्लाला फोन केला म्हणे, मला न सांगता! एकही चेंडू आत जाऊ दिला नाही कार्टीने. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य – "आई, युअर हेल्मेट स्टिंक्स."

माझ्यापेक्षा चांगली खेळते. पुष्कळच चांगली. ते सगळ्यांना दिसलं, मलाही दिसलं. ओरडून घसा बसला माझा, आणि मग गाडीत जाऊन थोडं रडलेसुद्धा. आता नववी ती. मी दहावी.

मनगट बरं होऊ दे फक्त. पार्किंगमध्ये चेंडू आता मी मारणार. जागा हवी असेल तर घे म्हणावं माझ्याकडून झगडून!